बारा नंबरचा बिल्ला

माझी नोकरी फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात गेली आणि त्यानंतरचे नऊ दिवस मी रोज सकाळी सात चाळीसला ऑफिसला निघालो. इस्त्रीचा शर्ट, पाठीला लॅपटॉपची बॅग, बॅगेत लॅपटॉप नाही. हे नाटक कुणासाठी, असं कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. घरात कुणी नव्हतं. बायको जानेवारीतच पुण्याला गेली होती. तिची आई न्हाणीघरात पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. आम्हाला मूल नाही. शेजारच्या चिनी आजींना मी कधी निघतो नि कधी परततो याचं काही सोयरसुतक नव्हतं. तरी सात चाळीस म्हणजे सात चाळीस. सवय एकोणीस वर्षांची होती, ती नोकरीपेक्षा जास्त टिकली.

बायकोला मी सांगितलं नव्हतं. पहिल्या दिवशी सांगितलं नाही, कारण त्या दिवशी सासूबाईंचे टाके काढायचे होते. दुसऱ्या दिवशी सांगितलं नाही, कारण मग पहिल्या दिवशी का नाही सांगितलं हे सांगावं लागलं असतं. तिसऱ्या दिवसापासून कारणाचीही गरज लागेना. गेली सहा वर्षं ती म्हणत होती, पुरे झालं आता, परत जाऊ. दर वर्षी मी म्हणत होतो, पुढच्या वर्षी, एवढं एक प्रोजेक्ट होऊ दे. तिने पुण्यातली शाळेची नोकरी सोडून माझ्यामागे इथे सिंगापूरला येऊन एकोणीस वर्षं काढली, आणि आता त्या प्रोजेक्टनेच मला घरी बसवलं, हे तिला कोणत्या तोंडाने सांगायचं? ती दुपारी एकच्या सुमाराला फोन करायची, तिकडे साडेदहा वाजलेले असायचे, सासूबाईंची अंघोळ आटोपलेली असायची. मी म्हणायचो, मीटिंगला चाललोय. बरं, ठेवते, असं म्हणून ती ठेवायची.

दहाव्या दिवशी जुरोंग ईस्ट स्टेशनवर तांजोंग पगारकडे जाणारी गाडी आली आणि माझा पाय उचलेना. आत गळ्यात पास लटकवलेली माणसं दाटीवाटीने उभी होती, त्यांतली दोनतीन ओळखीची. समोरच्या प्लॅटफॉर्मवर लाल लाईनची गाडी रिकामी उभी होती. तिच्यात जाऊन बसलो. ती उत्तरेला जाते. उत्तरेला माझं काहीच काम नव्हतं, हेच तिच्यातलं मला आवडलं. पाऊणएक तासाने कुठेतरी उतरलो, समोर आली त्या बसमध्ये चढलो आणि शेवटच्या स्टॉपवर ड्रायव्हरने उतरवलं तेव्हा दोन्ही बाजूंना जंगल होतं.

जंगल म्हटल्यावर आमच्याकडचे लोक हसतील. पण बेटाच्या त्या टोकाला खरंच रान आहे. एक रस्ता, पुढे खाडी, खाडीच्या दोन्ही काठांना खारफुटी इतकी दाट की पाणी आतून कुठे वळतं ते कळत नाही. खाडीच्या तोंडाशी एक पत्र्याची शेड होती. बाहेर वीसेक होड्या पालथ्या पडलेल्या. काही बसक्या कयाक, काही लांब, अरुंद कनू, दोघांनी वल्ही घेऊन हाकायच्या. फाटकावर पुठ्ठ्याचा तुकडा तारेने बांधला होता आणि त्यावर इंग्रजीत लिहिलं होतं, होड्यांसाठी माणूस पाहिजे, थोडे दिवस.

मालक सत्तरीच्या पुढचे, चिनी, काटक. त्यांनी माझ्या शर्टाकडे पाहिलं, बुटांकडे पाहिलं.

“ऑफिस मॅन,” ते म्हणाले. “कॅन वर्क, मेह?” म्हणजे, जमेल का?

“कॅन,” मी म्हणालो.

त्यांनी माझ्या हातात घासायचा ब्रश दिला. माझा तोवरचा सगळ्यात छोटा इंटरव्ह्यू. इथे आपल्याहून मोठ्या कुठल्याही पुरुषाला अंकल म्हणतात, म्हणून मी त्यांना अंकल म्हणू लागलो. ते मला शेवटपर्यंत ऑफिस मॅन म्हणाले.

इथे वसंत नसतो, असं सिंगापूरची मराठी माणसं ठामपणे सांगतात. मीही सांगायचो. सव्विसाव्या मजल्यावरच्या एसीत बसून माणूस दुसरं काय सांगणार? पण डिसेंबर-जानेवारीत उत्तरेकडून पाऊस आणि वारा येतो, खाडी गढूळ होऊन उसळते, तेव्हा अंकल सगळ्या होड्या वर ओढून पालथ्या घालायचे. फेब्रुवारीच्या शेवटी वारा पडतो. मग काठावरचे देशी बदाम लालभडक होतात, चारपाच दिवसांत सगळी पानं गाळतात आणि पुढच्या आठवड्यात पोपटी पालवी घेऊन उभे राहतात, जणू काही झालंच नाही. कोकीळ पहाटेपासून बोंबलू लागतो. हो, बोंबलू लागतो. कूजन वगैरे पुस्तकात. चिखलात निवट्या, ते बोटभर चिखलमासे, एकमेकांसमोर पर फुलवून उड्या मारतात. अंकल या दिवसांना वसंत म्हणत नाहीत. ते म्हणतात, ‘आफ्टर रेन’. या आफ्टर रेनच्या महिना-दीड महिन्यात होड्या नीट करायच्या, कारण मग शनिवार-रविवारी माणसं यायला लागतात ती वर्षभर.

काम म्हणजे असं. होडी सुलटी करायची. आत गांधीलमाशीचं पोळं आहे का ते लांबून बघायचं. कुंभारमाशीची मातीची घरटी असतात, ती खरवडून काढायची. मग बुडाशी चिकटलेले शिंपले पत्र्याने तासायचे, खाऱ्या पाण्याचा पांढरा थर घासायचा आणि हात फिरवून चीर शोधायची. डोळ्यांना दिसत नाही, बोटांना लागते. चीर सापडली की तिथे काचपेपर मारायचा, फायबरग्लासचं कापड ठेवायचं, वर रेझिन ओतून बोटभर ब्रशने हवेचे बुडबुडे बाहेर ढकलायचे. बुडबुडा राहिला तर ठिगळ धरत नाही. अंकल माझी ठिगळं नखाने टिचकी मारून ऐकायचे आणि काही न बोलता निम्मी उखडायला लावायचे. मी इतकी वर्षं माणसांची कामं तपासली, पण त्यांना इतक्या शांतपणे कधी उखडायला लावलं नव्हतं. माझ्या मेलला तर धार असायची. आता आठवून लाज वाटते.

शेडच्या आत एक फळी होती, तिच्यावर खिळे, प्रत्येक खिळ्याला लाकडी बिल्ला. बिल्ल्यावर नंबर, एक बाजू पांढरी, दुसरी लाल. होडी पाण्यात गेली की लाल बाजू, परत आली की पांढरी. आणि नुसता बिल्ला फिरवून चालत नसे. जाणाऱ्याने मोठ्याने ओरडायचं, ‘सेव्हन, गो!’ परत आल्यावर, ‘सेव्हन, कम!’ गिऱ्हाईक असो की आणखी कुणी. याला कारण होतं. पूर्वी एकदा एक माणूस होडी काठाला लावून न सांगता घरी निघून गेला. अंकलनी अंधार पडेपर्यंत सगळी खारफुटी पालथी घातली, हाका मारून मारून घसा बसला, आणि तो गृहस्थ घरी नूडल्स खात टीव्ही बघत होता. ही गोष्ट त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितली आणि सांगताना ते पुन्हा तेवढेच चिडले.

बिल्ल्यांमध्ये चार नंबर नव्हता. तीन, मग पाच. मी विचारल्यावर अंकल म्हणाले, चिनीत चार म्हणजे जवळजवळ ‘मरण’ असंच ऐकू येतं. त्या होडीत कोण बसेल? बारा नंबरची होडी कधीच मोडीत गेली होती, तिचा बिल्ला उरला होता. तो मला मिळाला. मी पाण्यावर गेलो की बारा लाल, काठावर आलो की बारा पांढरा.

पहिल्या संध्याकाळी सहा वाजता हात धुतले, बॅग उचलली आणि फाटकातून म्हणालो, “ओके अंकल, आय कम.”

“ओके, ओके,” ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोचलो तर अंकल फाटकातच उभे. दोन्ही हात डासांनी फोडून काढलेले.

“यू से कम!” ते ओरडले. “आय वेट! यू नेव्हर कम!”

मला क्षणभर कळेना. मग कळलं आणि हसू आलं, आणि मग हसू गेलं. मी आपला ‘येतो’ म्हणालो होतो. घरातून निघताना, ऑफिसातून निघताना, आयुष्यभर जे म्हणत आलो तेच, फक्त घाईत इंग्रजीतून. अंकलना वाटलं, हा जेवायला वगैरे गेला, परत येणार. त्यांनी फाटक उघडं ठेवलं, दिवा लावून ठेवला आणि नऊ वाजेपर्यंत खुर्चीवर बसून राहिले. माझी वाट बघत संध्याकाळभर कुणी बसलं होतं, आणि मी जुरोंग ईस्टच्या हॉकर सेंटरमध्ये एकटा बसून थंड झालेला पराठा चिवडत होतो.

मी माफी मागितली आणि समजावून सांगितलं. आमच्या भाषेत निघताना ‘जातो’ म्हणत नाहीत. जातो म्हणणं अशुभ. गेला म्हणजे वारला, असाही अर्थ होतो. म्हणून दोन मिनिटांत परतणार असलो तरी येतो, आणि वर्षभर परतणार नसलो तरी येतोच.

अंकलनी हात खाजवत ऐकलं. मग त्यांनी फळीकडे पाहिलं, तीन आणि पाचच्या मधल्या जागेकडे.

“आ,” ते म्हणाले. “लाइक फोर.”

बस्स. एवढ्यात समजलं त्यांना. ते ब्रश घेऊन वळले आणि मग सहज, काही मनात न धरता त्यांनी विचारलं, “युवर वाइफ, एअरपोर्ट, आल्सो से कम?”

बायको पुण्याला आहे एवढं मी आदल्या दिवशी बोललो होतो. “ऑफ कोर्स,” मी म्हणालो. म्हणालो आणि हातातला काचपेपर थांबला.

कारण ती ‘येते’ म्हणाली नव्हती.

विमानतळावर काचेच्या दारापाशी आम्ही उभे होतो. तिच्या हातात पासपोर्ट, खांद्यावर ती जुनी निळी पर्स. माझ्या हातात फोन, कारण नेमकी तेव्हाच ऑफिसची मेल आली होती, टीमची नवी रचना होणार म्हणून. त्याच रचनेत पुढे मी नव्हतो, पण ते तेव्हा माहीत नव्हतं. मी वाचत होतो. ती म्हणाली, “जाते मी.” मी म्हणालो, “हं.” मान वर केली तेव्हा ती दाराच्या पलीकडे गेली होती आणि तिची पाठ दिसत होती.

की ‘येते’ म्हणाली होती? त्या दिवसापासून मी हेच करत बसलो. होडी घासताना दोन्ही शब्द तिच्या आवाजात म्हणून बघायचो. जाते मी. येते मी. दोन्ही तिचेच वाटायचे. फोनवर विचारायची सोय नव्हती. काय विचारणार? अगं, गेल्या महिन्यात तू नक्की कोणता शब्द वापरलास? आणि ती ‘जाते’ म्हणाली तर पुढे काय बोलायचं? ती परत येणार आहे की नाही, हा प्रश्न मला त्या दिवसापर्यंत पडलाच नव्हता. इतकी खात्री होती मला तिची, किंवा इतकं कमी लक्ष होतं.

मार्च सरत आला. होड्या एकेक करून पाण्यात गेल्या. अंकलशी माझं बोलणं दिवसाला पंधरावीस वाक्यांपलीकडे जात नसे. ते दुपारी डब्यातला भात खायचे, मी माझा ब्रेड. त्यांची बायको कधीच वारली होती, मुलं कुठे असतात ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. संध्याकाळी निघताना मी आता ‘सी यू टुमॉरो’ म्हणायचो, म्हणजे कुणाचा घोटाळा नको. घरी आलो की टीव्ही लावायचो, कुठला तरी आवाज हवा म्हणून. फार एकटं वाटायचं. हे दुसऱ्या कुठल्या शब्दात सांगण्यासारखं नाही. काही वेळा मी रिकाम्या घरात मोठ्याने ‘आलो’ म्हणायचो आणि मग स्वतःवरच चिडायचो.

पाडव्याच्या सकाळी ठरवलं की गुढी उभारायची. एकोणीस वर्षं ती उभारत आली, स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर, कपडे वाळत घालायच्या बांबूला. मी फक्त बांबू धरायचो. तांब्या घासला, कडुलिंब आदल्या दिवशी लिटल इंडियातून आणला होता, गाठी मिळाली नाही. मग देव पुसायला देवघराचं दार उघडलं. कबूल करतो, ती गेल्यापासून ते दार मी उघडलं नव्हतं. आत धुळीचा पातळ थर होता आणि बाळकृष्णाशेजारची जागा रिकामी होती, तिथेही तेवढीच धूळ. अन्नपूर्णा नव्हती. बाळकृष्ण, शंख, घंटा, सगळं जागच्या जागी, फक्त अन्नपूर्णा नाही. लग्नात मुलीला आईने दिलेली, तांदळावर बसवून सासरी आणलेली, वीतभर उंचीचीही नाही. आईचं दुखणं काढायला चार महिने माहेरी जाणारी बाई साड्या नेते, औषधं नेते. अन्नपूर्णा नेत नाही.

ती ‘जाते’ म्हणाली होती. आता मला शंका उरली नाही.

गुढी उभारली. तिरकी उभी राहिली. मग शेडवर गेलो, दुसरं कुठे जाणार? दुपारी तिचा फोन आला. पाडव्याच्या शुभेच्छा दिल्या-घेतल्या. मागे बदामावर कोकीळ सुरूच होता.

“ऑफिसात कोकीळ?” तिने विचारलं.

“कुणाचा तरी रिंगटोन आहे,” मी म्हणालो.

मग ती म्हणाली, “बरं. ठेवते.” मी किती मूर्ख आहे हे मला फोन खिशात ठेवताना कळलं होतं, पण कळून उपयोग काय?

त्यानंतर पंधराएक दिवसांनी ते झालं. सात नंबरच्या कनूला मी मोठं ठिगळ लावलं होतं आणि ते धरतंय का हे बघायचं होतं. अंकल मागे लाइफ जॅकेटं धूत होते. म्हटलं, पाच मिनिटांत एक फेरी मारून येऊ, त्यात काय ओरडायचं. बिल्ला फिरवला नाही. ठिगळाने छान धरलं. पाणी आरशासारखं होतं, मी पहिल्या वळणाच्या आत गेलो, मग दुसऱ्या. तिथे बायकोचा आणि अन्नपूर्णेचा विचार करत वल्हं आडवं टाकून बसलो. किती वेळ ते माहीत नाही. होडीचं बूड घासलं तेव्हा भानावर आलो. ओहोटी लागली होती. मागे वळेपर्यंत मधला उंचवटा उघडा पडला होता, पाणी दोन्हीकडून निघून चाललं होतं आणि थोड्याच वेळात मी चिखलाच्या मधोमध एका होडीत बसलेलो होतो. पाय खाली टाकून पाहिला, गुडघ्यापर्यंत आत गेला. कसाबसा ओढून काढला, चप्पल राहिली आत.

बुडण्याची भीती नव्हती, बुडायला पाणीच नव्हतं. भरती यायला तीन तास. जॅकेटच्या खिशात प्लॅस्टिकच्या पिशवीत फोन होता, अंकलना लावला. त्यांचा फोन नेहमीप्रमाणे ड्रॉवरमध्ये वाजत राहिला असणार. चारी बाजूंनी निवट्या. एक होडीच्या नाकापर्यंत आली, माझ्याकडे बघत बसली. आणि तेव्हा मला बारा नंबरचा बिल्ला आठवला. तो तिकडे फळीवर पांढरा लटकत होता. त्या बिल्ल्याप्रमाणे मी काठावर होतो, सुखरूप, जॅकेटं वाळत घालत. कुणी मला शोधायला येणार नव्हतं, कारण मी गेलोय हेच मी कुणाला सांगितलं नव्हतं.

पुण्यातही तेच होतं. तिथल्या हिशोबाने मी तांजोंग पगारला मीटिंगमध्ये बसलेलो होतो.

एक वाजून पाच मिनिटांनी फोन वाजला.

“जेवलास?” तिने विचारलं. नेमका तेव्हाच कोकीळ ओरडला, अगदी डोक्यावर.

“तो रिंगटोन नाही,” मी म्हणालो. “मी चिखलात अडकलोय.”

“कसल्या चिखलात?”

“खऱ्या चिखलात. खाडीत, होडीत बसलोय. भरती यायची वाट बघतोय. माझी नोकरी गेली.”

“कधी?”

“फेब्रुवारीत.”

मग सगळं सांगितलं. सात चाळीस, रिकामी बॅग, लाल लाईन, शेड, ठिगळं. सांगून झाल्यावर ती म्हणाली, “दोन महिने मी एक वाजता फोन करत होते, आणि तू मला मीटिंग सांगत होतास.”

“हो.”

“मी काय केलं असतं रे? ओरडले असते का तुला?”

मी विचारलं, “अन्नपूर्णा नेलीस?”

“माझ्या आईने दिलेली आहे. माझ्याबरोबर आली होती, माझ्याबरोबर गेली.” मग म्हणाली, “आज बघितलीस?”

“पाडव्याला.”

“अडीच महिन्यांनी,” ती म्हणाली. चिडून नाही, चिडली असती तर बरं वाटलं असतं.

आता लपवायला काही उरलं नव्हतं, म्हणून विचारलं. “विमानतळावर तू येते म्हणालीस की जाते?”

“जाते म्हणाले.”

“चुकून?”

“मी? चुकून?” ती पहिल्यांदाच जरा हसल्यासारखी झाली आणि मग आवाज बदलला. “मुद्दाम म्हणाले. तू टोकशील म्हणून. कुणीही टोकतं रे. रिक्षावाला टोकतो, भाजीवाली टोकते. जाते काय म्हणताय, येते म्हणा. मी थांबले होते तिथे. मागचा माणूस पुढे चला म्हणाला तोवर थांबले होते. तू टोकलं असतंस तर मी येते म्हणणार होते आणि येणार होते.” ती थांबली. “तू हं म्हणालास.”

मी रडलो. पन्नाशी ओलांडलेला माणूस, एका पायात चप्पल, अंगभर चिखल, आणि समोर ती निवटी. तिला फोनवर ऐकू येत होतं, तिने रडू दिलं. गप्प बस वगैरे म्हणाली नाही.

मग म्हणाली, “ठेवू?”

“येतो मी,” मी म्हणालो.

“हे ठेवायच्या आधी म्हणायचं ‘येतो’, की खरं?”

“खरं. तिकीट काढून.”

पलीकडे सासूबाई काहीतरी मागत होत्या, कुकरची शिट्टी झाली. मला वाटलं, फोन बंद झाला. मग ती म्हणाली, “येताना बाळकृष्ण घेऊन ये. एकटाच आहे तो तिथे.”

म्हणजे ती इकडे येणार नव्हती. तेही तिने सांगितलं आणि मी कुठे यायचं तेही. मी हो म्हणालो.

भरती चारच्या सुमाराला आली. शेवटच्या वळणावर आलो तर अंकल धक्क्यावर उभे, गळ्यात शिट्टी, एक पाय कयाकमध्ये टाकलेला. जेवायला बसण्याआधी त्यांनी होड्या मोजल्या होत्या; एक कमी, आणि फळीवर सगळे बिल्ले पांढरे. ते मला इतकं बोलले, चिनीत, मलयमध्ये, इंग्रजीत, की निम्मं कळलं नाही. जे कळलं ते एवढंच, की लाल कर, बाबा, लाल कर, म्हणजे मला कळेल. मी आत जाऊन बारा नंबरचा बिल्ला लाल केला, मग धक्क्यावर येऊन ओरडलो, “ट्वेल्व्ह, कम!” आणि परत आत जाऊन पांढरा केला. ते बघत होते. मग त्यांनी मला त्यांचा भात दिला.

पुढचा महिना घर आवरण्यात गेला. फ्लॅट सोडायचा, कागद, कपाटं, एकोणीस वर्षांच्या निरुपयोगी वायरी. तरी शनिवार-रविवार मी शेडवर जात होतो. गिऱ्हाईकं यायला लागली होती, आई-बाप आणि गोरीमोरी झालेली मुलं, आणि मी प्रत्येकाला मोठ्याने ‘गो’ ओरडायला लावत होतो. माझ्या ठिगळांपैकी एकच गळलं.

शेवटच्या दिवशी सहा वाजता हात धुतले. अंकलना सगळं सांगितलेलं होतं. पुण्याला चाललो, बायकोकडे, तिथे काय करणार ते माहीत नाही, आणि इथे परत येणं होईल असं वाटत नाही. ते तेव्हा नुसते ‘गुड, गुड’ म्हणाले होते. आता ते खुर्चीत बसून एका वल्ह्याला काचपेपर मारत होते. बारा नंबरचा बिल्ला मी त्यांच्या हातात द्यायला गेलो, तर त्यांनी हनुवटीनेच फळी दाखवली. परत खिळ्याला लावला.

त्यांच्याशी खोटं बोलायचं नव्हतं. एकदा माझ्या शब्दावर ते डास खात बसले होते. म्हणून दारात उभं राहून, नीट विचार करून म्हणालो, “ओके अंकल. आय गो.”

काचपेपर थांबला. ते उठले, वल्हं भिंतीला टेकवलं आणि माझ्या अगदी समोर येऊन उभे राहिले.

“कॅनॉट,” ते म्हणाले. “डोंट से गो. से कम.”

ते तसेच उभे होते, वाट बघत, घाई नसल्यासारखे.

“आय कम, अंकल,” मी म्हणालो.

“ओके, ओके,” ते म्हणाले आणि खुर्चीकडे गेले.

मी फाटकातून बाहेर पडलो आणि बसस्टॉपकडे चालू लागलो. बाळकृष्ण शर्टाच्या खिशात होता, रुमालात गुंडाळलेला. अंकल सहा वाजता फाटकाला साखळी घालतात, तिचा खळखळाट पार बसस्टॉपपर्यंत ऐकू येतो. त्या दिवशी मी दोन बसेस सोडल्या, तरी तो ऐकू आला नाही.